मापटे, चिपटे आणि घातांक

खानदेशात चाळीसगावापासून काही कोसांवर, डोंगराच्या पायथ्याशी पाटण म्हणून जे जुने स्थान आहे, तेथील देवीच्या देवळातला शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी विद्वानांच्या नजरेस आणला, आणि महाराष्ट्रातील गणिताच्या अध्यापनाला एक पक्का, दगडावरचा दाखला मिळाला. इ. स. १२०७ च्या सुमाराच्या त्या लेखात असे नमूद आहे की, भास्कराचार्यांचा नातू चंगदेव, जो यादव राजा सिंघण याच्या पदरी ज्योतिषी होता, त्याने आपल्या आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन अखंड चालावे म्हणून तेथे मठ स्थापन केला, आणि निकुंभ वंशातील सोइदेव नावाच्या मांडलिकाने त्या मठास उत्पन्न लावून दिले. लेखाचा बहुतेक भाग संस्कृत आहे; परंतु मठाच्या उत्पन्नाचा तपशील जेथे येतो, तेथे लेखकाने संस्कृत सोडून मराठी धरली आहे. विद्येची प्रशस्ती देवभाषेत आणि वसुलीची बाब लोकभाषेत, हा आपल्याकडील शिरस्ता बराच जुना दिसतो.

त्या मठातील विद्यार्थी दिवसभर काय करीत असतील, याची कल्पना मात्र शिलालेखावरून येत नाही. ती ‘लीलावती’वरूनच करावी लागते. इ. स. ११५० च्या सुमारास सिद्ध झालेल्या या ग्रंथात, श्रेढीच्या प्रकरणात, एका दात्याचा प्रश्न आहे. या दात्याने याचकास पहिल्या दिवशी दोन कवड्या दिल्या आणि पुढे रोज आदल्या दिवसाच्या दुप्पट देण्याचे कबूल केले. तर महिन्याअखेर त्याने किती निष्क दिले? वीस कवड्यांची काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म आणि सोळा द्रम्मांचा निष्क, या हिशेबाने उत्तर येते ते असे: १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या. एकूण कवड्या २,१४,७४,८३,६४६. दात्याचे पुढे काय झाले हे आचार्यांनी सांगितलेले नाही, आणि ते विचारण्याचे धार्ष्ट्य एखाद्या विद्यार्थ्याने केले असल्यास त्याचीही नोंद नाही.

परंतु या प्रश्नात खरी गंमत उत्तराच्या आकारात नसून ते काढण्याच्या रीतीत आहे. तीस वेळा दुप्पट करीत बसणे हा मार्ग आचार्यांनी सांगितलेला नाही. ते सांगतात की, दिवसांची संख्या घ्या. ती सम असल्यास निमपट करा आणि बाजूला ‘वर्ग’ अशी खूण मांडा. विषम असल्यास तीतून एक वजा करा आणि ‘गुण’ अशी खूण मांडा. संख्या संपेपर्यंत असे करीत या. तिसाचे पंधरा, खूण वर्ग. पंधराचे चौदा, खूण गुण. चौदाचे सात, वर्ग. साताचे सहा, गुण. सहाचे तीन, वर्ग. तिनाचे दोन, गुण. दोनाचा एक, वर्ग. आणि एकाचे शून्य, गुण. आता खालून वर चढत या, आणि गुण दिसेल तेथे दोनाने गुणा, वर्ग दिसेल तेथे आलेल्या संख्येचा वर्ग करा: २, ४, ८, ६४, १२८, १६,३८४, ३२,७६८, आणि शेवटच्या खुणेला १,०७,३७,४१,८२४. आठ पायऱ्यांत दोनाचा तिसावा घात हाती आला. त्यातून एक वजा करून पहिल्या दिवसाच्या दोन कवड्यांनी गुणले की एकूण दान निघते.

हे सर्व धूळपाटीवर चालत असे. फळीवर पसरलेल्या बारीक धुळीत बोटाने किंवा काडीने आकडा काढावयाचा, काम झाले की पुसावयाचा आणि त्याच जागी पुढचा मांडावयाचा, ही जी पद्धत, तिच्यात गुणाकारातले मधले आकडे टिकत नाहीत. टिकते ती कडेला मांडलेली खुणांची ओळ. विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर म्हणून दोन गोष्टी शेजारी शेजारी राहतात: एकीकडे वाढत जाणारी राशी, आणि दुसरीकडे ती राशी किती वेळा व कोणत्या रीतीने वाढली याची नोंद. राशीचा वर्ग केला की नोंदीतली संख्या दुप्पट होते, राशीला आणखी एकदा दोनाने गुणले की नोंदीत एकाची भर पडते, हा व्यवहार त्याच्या बोटांनी इतक्या वेळा केलेला असे की, तो नियम म्हणून वेगळा सांगण्याचे कारण आचार्यांना वाटले नाही. आज सातवीच्या वर्गात जे तीन-चार नियम फळ्यावर लिहून चौकटीत बसविले जातात, ते पाटणच्या मठात चौकटीत बसविलेले नव्हते, एवढाच फरक.

ही रीत भास्कराचार्यांचीही नव्हे. इसवी सनापूर्वी दोन-तीन शतके होऊन गेला असे सामान्यतः मानतात तो पिंगल, त्याच्या छंदःशास्त्रात ती आलेली आहे, आणि तेथे तिचे प्रयोजन धनाचे नसून काव्याचे आहे. अमुक अक्षरांच्या चरणाचे लघु-गुरूंच्या फेरफाराने किती प्रकार होतील, हा पिंगलाचा प्रश्न. प्रत्येक अक्षराच्या जागी दोनच शक्यता असल्यामुळे एका अक्षराचे दोन प्रकार, दोघांचे चार, तिघांचे आठ, अशी दुपटीची चढण लागते. आणि तिघांचे जे आठ, ते आपल्या परिचयाचे य, म, त, र, ज, भ, न, स हे आठ गण होत. ज्याने शाळेत वृत्ते ओळखली आहेत, त्याने दोनाचा तिसरा घात पाठ केलेला असतो; मात्र ते त्याला कोणी सांगितलेले नसते, कारण वृत्ते मराठीच्या तासाला येतात आणि घात गणिताच्या तासाला, व या दोन तासांचा परस्परांशी बोलण्याचा संबंध आपल्या शाळांनी ठेवलेला नाही.

तो ठेवला असता, तर एक नेहमीची चूक पुष्कळशी टळली असती. दोनाचा तिसरा घात आणि दोनाचा तिसरा घात यांचा गुणाकार दोनाचा नववा घात असे लिहिणारी मुले प्रत्येक वर्गात असतात. तीन त्रिक नऊ हे त्यांना इतके पक्के ठाऊक असते की, बेरजेची जागा गुणाकाराने केव्हा बळकावली हे त्यांच्या ध्यानातही येत नाही. अशा मुलाला एका गणानंतर दुसरा गण मांडावयास सांगावे. पहिल्या जागी आठ गणांपैकी कोणताही, दुसऱ्या जागीही आठांपैकी कोणताही. जोड्या आठ आठे चौसष्ट होतात, आणि अक्षरे मोजली तर तीन अधिक तीन, सहाच भरतात. चौसष्ट हा दोनाचा सहावा घात. नववा व्हावयाचा तर अक्षरे नऊ हवीत, म्हणजे आणखी एक गण आणावा लागेल. रामदासांचे मनाचे श्लोक ज्या भुजंगप्रयातात आहेत, त्याच्या चरणात चार य गण, म्हणजे बारा अक्षरे. आणि बारा अक्षरांच्या चरणाचे जे ४,०९६ प्रकार संभवतात, त्यांपैकी भुजंगप्रयात हा एक. चार गण, प्रत्येकी तीन अक्षरे, म्हणून बारा: घाताचा घात काढताना घातांकांचा गुणाकार का करावयाचा, याचे उत्तर या चरणातच आहे.

भास्कराचार्यांना हा धागा अर्थातच ठाऊक होता. कवड्यांच्या प्रश्नाला लागूनच त्यांनी अनुष्टुभाचा प्रश्न घातला आहे: आठ आठ अक्षरांच्या चार चरणांचे जे वृत्त, त्याचे सम, अर्धसम आणि विषम भेद किती? चारही चरण एकसारखे असतील तर एका चरणाचेच भेद मोजावयाचे, ते २५६. पहिला-तिसरा आणि दुसरा-चौथा अशा जोड्या सारख्या असतील, तर सोळा अक्षरांचे ६५,५३६ भेद होतात. परंतु त्यांत सम भेदही मिसळलेले असल्यामुळे ते २५६ वजा करावे लागतात, आणि उरतात ६५,२८०. तसेच बत्तीस अक्षरांच्या भेदांतून सोळा अक्षरांचे वजा केले की विषम भेद ४,२९,४९,०१,७६०. येथे विद्यार्थ्याची दुसरी परीक्षा होते. सोळावा घात उणे आठवा घात म्हणजे आठवा घात, असे ज्याचे बोट लिहून जाईल, त्याला ६५,२८० च्या जागी २५६ मिळतील आणि आचार्यांचे उत्तर जमणार नाही. घातांकांची वजाबाकी भागाकारासाठी आहे, वजाबाकीसाठी नाही, ही गोष्ट सांगून जितकी ठसत नाही, तितकी ताळा चुकल्याने ठसते.

दुपटीकडून निमपटीकडे वळल्यावर जैन आचार्यांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत विलक्षण प्रकरण त्यांचेच. विश्वातील जीवांची, प्रदेशांची आणि कालखंडांची मोजदाद करण्याचा त्यांना असा काही ध्यास होता की, नेहमीच्या संख्या त्यांना पुरेनात. अनुयोगद्वारसूत्रात मनुष्यांच्या संख्येविषयी असा निर्देश येतो की, ती शहाण्णव वेळा निमपट करता येते. म्हणजे दोनाचा शहाण्णवावा घात, जो मांडावयाचा तर एकोणतीस आकडे लागतात. येथे संख्या सांगितलेलीच नाही, तर ती किती वेळा अर्धी होते हे सांगितले आहे, आणि तेवढ्यावर काम भागविले आहे. पुढे नवव्या शतकाच्या प्रारंभी वीरसेनाचार्यांनी पुष्पदंत-भूतबलींच्या षट्खंडागमावर ‘धवला’ टीका लिहिली, तीत या निमपटींच्या मोजणीला ‘अर्धच्छेद’ असे रीतसर नाव आहे. सोळाचे अर्धच्छेद चार, बत्तिसाचे पाच. तीन समान भाग करीत गेल्यास त्रिकच्छेद, चार करीत गेल्यास चतुर्थच्छेद. आणि मग नियमही आहेत: गुणाकाराचे अर्धच्छेद म्हणजे गुण्य-गुणकांच्या अर्धच्छेदांची बेरीज, भागाकाराचे म्हणजे वजाबाकी. सोळा आणि बत्तीस यांचा गुणाकार ५१२ निमपट करून पाहावा. चार अधिक पाच, नऊ वेळांनंतर एक उरतो. युरोपात ज्या कल्पनेचा लॉगॅरिदम म्हणून पुढे एवढा गौरव झाला, तिचे हे दोनाच्या पायावरचे रूप होय.

या टीकेच्या ताडपत्री प्रती शतकानुशतके कर्नाटकात मूडबिद्री येथे होत्या. त्यांचे दर्शन घेतले जाई, वाचन होत नसे. त्या बाहेर येण्याची हकीकत लांबलचक आहे आणि तिच्यात श्रद्धा, संशय व चिकाटी या तिन्हींचा भरणा आहे. येथे एवढेच सांगावयाचे की, टीकेचे पहिले छापील दर्शन वऱ्हाडात घडले. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक असलेले डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली षट्खंडागमाचा पहिला खंड अमरावतीहून १९३९ साली प्रसिद्ध झाला, आणि १९४२ च्या चौथ्या खंडात अवधेश नारायण सिंह यांनी धवलेतील गणितावर जो निबंध लिहिला, त्याने अर्धच्छेदाचे हे नियम गणितज्ञांच्या चर्चेत आले. महायुद्धाच्या धामधुमीत, कागदाच्या टंचाईत, अमरावतीसारख्या गावातून निघालेल्या या खंडांची दखल मराठी शिक्षकाने जेवढी घ्यावयास हवी होती तेवढी घेतली नाही, असे मला वाटते.

कारण निमपटीची सवय आपल्या लोकांना नव्हती असे नाही. दाणे मोजावयाची जी मापे आपल्या स्वयंपाकघरांतून आणि बाजारपेठांतून चालत, त्यांत स्थलपरत्वे फरक असला तरी क्रम साधारण हाच: पायलीचे चार शेर, शेराची दोन मापटी, मापट्याची दोन चिपटी, चिपट्याची दोन कोळवी आणि कोळव्याची दोन निळवी. म्हणजे निळवे हे एक धरले तर कोळवे दोन, चिपटे चार, मापटे आठ, शेर सोळा आणि पायली चौसष्ट. नाण्यांचेही तसेच. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, म्हणून रुपयाचे चौसष्ट पैसे. त्या खाली अधेली बत्तीस पैशांची, पावली सोळांची, चवली आठांची, आणा चारांचा, ढब्बू दोनांचा, आणि शेवटी पैसा एक. ज्याने ही नाणी ओळीने मांडली, त्याच्यापुढे दोनाचा सहावा, पाचवा, चौथा, तिसरा, दुसरा आणि पहिला घात उतरत्या क्रमाने आला. आणि ढब्बूनंतर आणखी एक पायरी उतरली की घातांक शून्य व्हावयाचा आणि नाणे पैसा, म्हणजे एक, राहावयाचे. दोनाचा शून्यावा घात शून्य का नाही, या प्रश्नाला याहून सरळ उत्तर मला माहीत नाही. पैशाच्याही खाली अधेला आणि दमडी होतीच, अर्धा आणि पाव. म्हणजे उणे एक आणि उणे दोन हे घातांकही बाजारात चालत होते.

मग असा प्रश्न उभा राहतो की, ज्या समाजाच्या कमरेच्या कशात आणि घरच्या कोठारात दोनाचे सहा-सात घात नित्य खुळखुळत होते, ज्याच्या पंतोजींनी पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी आणि अडीचकी मुलांकडून घोकून घेतली, त्याच्या व्यवहारातून घातांकांचे नियम आपोआप का निघाले नाहीत? पंतोजींच्या छडीला किंवा घोकंपट्टीला दोष देणे सोपे आहे. परंतु खरे कारण निराळे असावे. वाणी चार चवल्या घेऊन अधेली देत असे, तेव्हा त्याला अधेलीशी कर्तव्य होते; चवलीपासून अधेलीपर्यंत किती दुपटी झाल्या याच्याशी नव्हते. त्याच्या कीर्दीत रुपये, आणे, पैसे असे रकाने होते, दुपटींचा रकाना नव्हता. वीरसेनांना उलट राशीपेक्षा निमपटींची मोजणीच हवी होती, कारण त्यांची राशी लिहून संपणारी नव्हती. म्हणून नियम त्यांना सापडला. हाताने केलेली कृती एकटी फारसे शिकवीत नाही. ती किती वेळा केली, याचा वेगळा रकाना धरला म्हणजे ती शिकवू लागते.

युरोपातही तो रकाना धरल्यावरच गोष्टी पुढे सरकल्या. लियों येथे राहणाऱ्या निकोला शुके याने १४८४ साली लिहिलेल्या हस्तलिखितात घातांकांची मांडणी आहे, पण ते छापले न गेल्याने बराच काळ पडून राहिले. जर्मनीत मिखाएल श्टिफेल याने १५४४ साली न्यूरेंबर्ग येथे छापलेल्या अंकगणितात दोन ओळी एकाखाली एक मांडल्या: वरच्या ओळीत उणे तीनपासून सहापर्यंतचे अंक, खालच्या ओळीत एक-अष्टमांशापासून चौसष्टपर्यंतच्या राशी, आणि वर बेरीज करा म्हणजे खाली गुणाकार होतो, वर वजाबाकी करा म्हणजे खाली भागाकार होतो, हे स्पष्ट सांगितले. आपल्या दमडी-पैशापासून रुपयापर्यंतच्या नाण्यांची ओळ जवळजवळ तीच आहे. वरच्या ओळीचा तेवढा अभाव. अक्षराच्या डोक्यावर लहान आकडा लिहिण्याची आजची खूण मात्र देकार्तने १६३७ च्या भूमितीत रूढ केली, आणि त्यानेही वर्गासाठी पुष्कळदा तेच अक्षर दोनदा लिहिले आहे.

या दोन सालांच्या मध्ये स्कॉटलंडमधील जॉन नेपियर येतो. १६१४ साली त्याने लॉगॅरिदमची कोष्टके प्रसिद्ध केली, म्हणजे घातांकाची खूण रूढ होण्याच्या आधीच घातांकाचे सर्वांत मोठे फळ लोकांच्या हाती पडले. परंतु येथे मला त्याचे १६१७ चे, त्याच्या मृत्यूच्या वर्षीचे, लहान पुस्तक अधिक महत्त्वाचे वाटते. त्यात गुणाकाराच्या कांड्यांबरोबर बुद्धिबळाच्या पटावर सोंगट्या मांडून हिशेब करण्याची एक रीत आहे, आणि हे काम श्रमापेक्षा खेळाच्या जवळचे आहे असे त्याने स्वतःच म्हटले आहे. पटाच्या दोन लगतच्या कडांवर कोपऱ्यापासून १, २, ४, ८, १६ असे आकडे लिहावयाचे. पाचाला सहाने गुणावयाचे असेल तर पाच म्हणजे चार आणि एक, सहा म्हणजे चार आणि दोन, असे तोडून एका कडेवर पहिली आणि दुसऱ्या कडेवर दुसरी संख्या दाखवावयाची, आणि त्या ओळी-स्तंभ जेथे जेथे एकमेकांस छेदतात त्या चार घरांत एक एक सोंगटी ठेवावयाची. घरांच्या किमती सोळा, आठ, चार आणि दोन, बेरीज तीस.

एवढ्याने काय साधले, असे कोणी म्हणेल. साधले ते पुढे आहे. सोळाच्या घरातली सोंगटी उंटाच्या चालीने, म्हणजे तिरपी, एक घर सरकवली की एका कडेवरचा आकडा दुप्पट होतो आणि दुसऱ्या कडेवरचा निमपट. म्हणून तिची किंमत बदलत नाही. एका तिरप्या रेघेवरची सगळी घरे, एक सोळे, दोन आठे, चार चोक, आठ दुणे, सोळा एके, सारखीच सोळा. सोंगट्या तिरप्या सरकवीत कडेवर आणाव्या, एका घरात दोन जमल्या तर त्या उचलून पुढच्या घरात एक ठेवावी, आणि कडेवरचे आकडे वाचावे. पटाच्या कडेला राशींच्या जोडीने शून्य, एक, दोन, तीन, चार असे घातांकही लिहिले, तर तिरप्या रेघेवरच्या प्रत्येक घराच्या दोन घातांकांची बेरीज एकच भरते हे सातवीचे पोर स्वतः सांगते. चतुरंगाचा पट आपल्याकडून पश्चिमेस गेला आणि त्याच्या चौसष्ट घरांत धान्याचे दाणे दुपटीने भरणाऱ्या बुद्धिमंताची कथा अरबी ग्रंथकारांनी लिहून ठेवली. त्या कथेतल्या १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ दाण्यांनी मुले तोंडात बोट घालतात, आणि तेथेच थांबतात. आश्चर्य वाटविण्यास ती कथा चांगली आहे. सराव करून घेण्यास नेपियरचा पट शंभर पटींनी सरस.

नेपियरनंतर थोड्याच वर्षांत इंग्लंडात विल्यम ऑट्रेडने लॉगॅरिदमच्या दोन मापपट्ट्या एकमेकींस लावून सरकवल्या आणि स्लाइड रूल जन्मास आला. १८५४ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजातून आणि इतर विद्यालयांतून बाहेर पडलेल्या अभियंत्यांच्या कित्येक पिढ्यांनी ही पट्टी खिशात बाळगली, धरणांचे आणि पुलांचे हिशेब तिच्यावर केले, आणि गुणाकार म्हणजे लांबींची बेरीज ही गोष्ट त्यांच्या अंगठ्याला इतकी सरावाची झाली की, घातांकाचा नियम विचारला असता तर त्यांनी तोंडाने सांगण्याऐवजी पट्टीच सरकवून दाखविली असती. १९७२ साली अमेरिकेत ह्यूलेट-पॅकार्डचे खिशात मावणारे वैज्ञानिक गणकयंत्र निघाले, आणि काही वर्षांतच ही पट्टी टेबलाच्या खणात गेली. त्याच्या आधीच, १ एप्रिल १९५७ रोजी, रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, आणि १९५८ च्या ऑक्टोबरपासून दशमान वजने-मापे टप्प्याटप्प्याने आली. या बदलांविषयी मला तक्रार नाही. आणे-पैंच्या बेरजांत ज्यांचे बालपण गेले त्यांनी तरी ती करू नये. परंतु एका पिढीच्या अवधीत दोनाचे घात खिशातून, कोठारातून आणि अभियंत्याच्या हातातून एकदमच गेले, आणि राहिले ते पुस्तकाच्या पानावर, डोक्यावरच्या लहान आकड्यांत.

अलीकडे शाळांतून कृतियुक्त शिक्षणाचा पुरस्कार होऊ लागल्यापासून घातांकाच्या प्रकरणाला कागदाच्या घड्या घालण्याचा प्रघात पडला आहे. तो चांगला आहे आणि त्याला परंपराही आहे, मद्रासेकडील टी. सुंदर राव यांनी कागदाच्या घड्यांवरील आपले भूमितीचे पुस्तक १८९३ सालीच प्रसिद्ध केले होते. पण पुष्कळ वर्गांत घडी घातली जाते, थर मोजले जातात, सातव्या घडीला कागद वळेनासा झाला म्हणजे हशा पिकतो, आणि तास संपतो. वाण्याच्या चवलीची जी गत झाली तीच येथे होते: घड्यांचा रकाना कोणी धरलेला नसतो. तीन घड्यांचा कागद उलगडू न देता त्यावर आणखी दोन घड्या घालावयास सांगाव्या, थर मोजण्याआधी अंदाज लिहून घ्यावा, आणि आठ गुणिले चार व तीन अधिक दोन हे दोन रकाने शेजारी ठेवावे. मग दोन घड्या उलगडाव्या आणि रकाना मागे न्यावा. पूर्ण उलगडलेल्या कागदाला शून्य घड्या आणि एक थर असतो, हे तेव्हा वेगळे सांगावे लागत नाही.

याहूनही मला आवडते ती कागदी पट्ट्यांची युक्ती, कारण तीत ऑट्रेडचे उपकरण सातवीच्या मुलांना पाच मिनिटांत करता येते. पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या घ्याव्या, दोहोंवर एकेका इंचावर रेघा आखाव्या, आणि डावीकडून एक-चतुर्थांश, अर्धा, १, २, ४, ८, १६, ३२, ६४ असे लिहावे; रेघांच्या वर लहान अक्षरात उणे दोनपासून सहापर्यंतचे अंक. एका पट्टीचा १ दुसरीच्या ८ पाशी लावला की पहिलीच्या ४ समोर दुसरीवर ३२ येतो, आणि लहान अंकांकडे पाहिले तर तीन अधिक दोन पाच. पट्टी डावीकडे सरकवली की भागाकार. तिनाच्या घातांची वेगळी जोडी करावी आणि दोनाची पट्टी तिनाच्या पट्टीला लावून काय होते ते पाहू द्यावे. काहीच धड जुळत नाही, आणि पाया सारखा नसेल तर घातांकांची बेरीज करता येत नाही ही अट, जी पुस्तकात कंसात दडलेली असते, ती मुलांच्या तोंडून बाहेर पडते.

मग केव्हातरी एखादे मूल १ आणि २ यांच्या बरोबर मध्ये रेघ मारून विचारते की येथे काय लिहावयाचे. दीड, असे बहुतेकांचे पहिले उत्तर असते. पट्टीवरच तपासावे: एका पट्टीचा १ दुसरीच्या तशाच मधल्या रेघेसमोर लावला की पहिलीच्या मधल्या रेघेसमोर, अर्धा आणि अर्धा मिळून एक म्हणून, २ येतो, तेव्हा त्या रेघेवर जी संख्या असेल तिला तिनेच गुणले असता दोन यावयास हवेत, आणि दीडाला दीडाने गुणले तर सव्वादोन होतात. एक-चारदशांश घेतला तर १.९६, किंचित कमी. मुले दशांश चिन्हापुढे आकडे वाढवीत जातात, उत्तर जवळ येते पण नेमके बसत नाही, आणि सातवीचे घातांकाचे प्रकरण तेथे संपते. आठवीत ‘घातांक व घनमूळ’ या पाठात ते पुन्हा उघडावे लागते.